आत्याबाईंना मिळालेला छोटा कप

॥ श्री ॥
कोपरी, ठाणे पूर्व

ती. सौ. आसावरीवन्सं यांस निशाचा वाकून नमस्कार.

(पाय समोर नाहीत म्हणून कागदालाच वाकले. गुडघ्याने कुरकुर केली, पण रीत ती रीत.) तुमची शुगर कशी आहे? हरिहरभावोजींचा खोकला थांबला का? इकडे मी बरी, क्षिप्रा बरी, दारातली तुळसही बरी. तुम्ही फॅमिली ग्रुपमधून बाहेर पडलात, माझा फोन उचलत नाही, क्षिप्राच्या एवढ्या लांब मेसेजवर नुसता अंगठा दाखवलात, तेव्हा पोस्टाशिवाय मार्ग उरला नाही. पाकीट-तिकीट घ्यायला गेले तेव्हा ठाण्याहून डोंबिवलीला पत्र घालायचंय म्हटल्यावर पोस्टातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, अहो, घरगुती मामला आहे. त्यांना लगेच कळलं. भावोजींचा निरोप तेवढा पोचला, की कन्यादानाला आम्ही बसणार नाही, दुसरं जोडपं बघा. लग्न तोंडावर आलंय, पोरीला वडील नाहीत, आणि तिची सख्खी आत्या एका कपावरून पाटावर बसायला नाही म्हणते. तेव्हा तो कप नक्की काय होता ते सविस्तर लिहिते. वाचताना समोर चहा घ्या, कॉफी नको.

पहिली गोष्ट, साखरपुड्याला कॉफीचं मशीन मांडायची हौस आपली नव्हेच, नीलची. जावईबापू (होणारे) कॉफीचे भक्त आहेत. आपण एकादशी पाळतो तसे ते कॉफी पाळतात. मी मसाला दूध सुचवून पाहिलं, दोनदा. पण हौस मुलाकडची असते आणि पुरवायची मुलीकडच्यांनी, हे तुम्हाला मी काय सांगणार? माझ्या लग्नात तुम्हीच मुलाकडच्या होतात. टेंभी नाक्याजवळच्या त्या हॉलमध्ये काउंटरवाला कपागणिक पैसे लावणार होता, म्हणजे उचलला की लागला. (त्यामुळे प्रत्येक कप उचलला गेला की मी मनात आकडा वाढवत होते, पण तोंडाने मी ‘घ्या ना, घ्या ना’ म्हणत होते.) ओटी भरायची वेळ आली तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, “निशा, तू जरा मागेच थांब गं, मी बघते सगळं.” क्षिप्राचे बाबा गेल्यापासून मी मागे थांबायला शिकलेच आहे, तुम्हाला सांगायची तसदी नको होती. पण त्या हॉलमध्ये मागे म्हणजे कुठे, तर थेट मशीनपाशी. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि जे पाहिलं तेच लिहितेय.

तुम्ही काउंटरवर आलात. त्या दाढीवाल्या रॉड्नीने (दंडावर मगर गोंदलेला तो) विचारलं, “आंटी, क्या दूँ?” तुम्ही म्हणालात, “एकदम असली देना. दूध-पानी कम.” आता वन्सं, त्याने अगदी सांगितलं तेच केलं. दूध नाही, वरून पाणी नाही, नुसता अर्क. त्याला एस्प्रेसो म्हणतात आणि तो असतोच तेवढा, पूजेतली पळी जरा मोठी केली तर जेवढं मावेल तेवढा. दुर्दैव असं, की तुमच्या मागे नीलच्या मावशी, सुमेधाताई, उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “कुछ भी चलेगा.” जिला काहीही चालतं तिला नेहमी मोठं मिळतं. त्यांना उंच पेला मिळाला, वर फेस, फेसावर पिंपळपान काढलेलं. तुम्ही तुमच्या कपाकडे पाहिलंत, त्यांच्या पेल्याकडे पाहिलंत, आणि स्टेजवरच्या भटजींनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, “मुलाच्या मावशीला पेला आणि मुलीच्या आत्याला तीर्थ? हाच का आमचा मान?”

मग चूक सुधारायला गेलो तशी ती वाढतच गेली. क्षिप्रा पैठणी सावरत तुमच्यासाठी मोठा कप घेऊन आली. ती कॅपुचिनो. तुम्ही जोरात फुंकर मारलीत, फेस एका अंगाला गेला आणि कॉफी पार खाली दिसली. तुम्ही म्हणालात, “वर फेस आणि आत ठणठणाट. पोरी, आत्याला फसवतेस?” मग नील स्वतः धावला आणि काठोकाठ भरलेला कप घेऊन आला, फेसाचा ठिपका नाही. तुम्ही नुसता वास घेऊन म्हणालात, “ही पाणी घातलेली आहे. पाहुणे वाढले की आमटी वाढवतात तशी.” त्याला अमेरिकानो म्हणतात, आणि खरं सांगू? त्या एका बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर होतं. ती पाणी घातलेलीच असते. पण नीलचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही. पाहायला तुम्ही होतात कुठे? ओटी न घेता, साडीचं पाकीट खुर्चीवर ठेवून तुम्ही रिक्षेत बसलात.

तुमच्यामागे टेबलावर तीन कप उरले, तिन्ही लागलेले. तुम्ही एकालाही तोंड लावलं नव्हतंत, उष्टं नव्हतं, मग टाकणार कसं? मी कोपऱ्यात उभी राहून तिन्ही प्यायले. संध्याकाळी छातीत इतकी धडधड, की रामरक्षा रोजच्यापेक्षा निम्म्या वेळात म्हणून झाली. पण त्यामुळे आज अधिकाराने लिहू शकते. आधी तो अर्क. त्यात गरम पाणी वाढवलं की अमेरिकानो. दूध घालून वर जाड फेस रचला की कॅपुचिनो. दूध भरपूर आणि फेस वरवरचा, की सुमेधाताईंचा तो पेला, त्याला लाटे म्हणतात. (फ्लॅट व्हाइट म्हणून आणखी एक असते, दूध लाटेपेक्षा कमी, फेस अगदी पातळ, ती कोणी नाकारली नाही, म्हणून मला मिळाली नाही.) सगळ्यांच्या तळाशी कडू घोट तोच. तुमच्या छोट्या कपात होता तोच त्यांच्या पेल्यात, बाकीचं सगळं दूध. तुम्हाला खरं तर सगळ्यात अस्सल मिळालं होतं.

आणि कमी मिळालं म्हणून रुसायचंच, तर मलाही थोडं रुसता येतं. मी तुमच्या माहेरी सून म्हणून आले तेव्हा सकाळचा चहा आधी मामंजींना, मग ह्यांना, तुम्ही माहेरपणाला असलात की तुम्हाला, आणि मग त्याच चोथ्यावर पाणी उकळून मला. त्याला तेव्हा काही परदेशी नाव नव्हतं. ग्रुपही नव्हता, नाहीतर मीही बाहेर पडले असते.

असो. लिहिण्याच्या भरात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. भावोजींना नमस्कार.

तुमची भावजय,
निशा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. राग माझ्यावर ठेवा, हवा तेवढा ठेवा, पण कन्यादानाला तुम्ही दोघं बसा. ह्यांच्या जागी ह्यांची बहीण असावी असं मला मनापासून वाटतं. मी पदर पसरते.

ता. क. २ : वरचं लिहून झाल्यावर गुरुजींना फोन केला, की आत्याबाईंचं अजून नक्की नाही. ते म्हणाले, “मग तुम्हीच बसा की. आई एकटी बसली तर काही अडचण नाही.” मी म्हटलं, हे आधी का नाही बोललात? तर म्हणाले, “आत्याबाईंनी मला केव्हाच कळवलं होतं, की निशाला हे जमणार नाही, आम्ही बसतो. मला वाटलं, तुम्हाला विचारूनच सांगितलं असेल.” तेव्हा वन्सं, वरची ता. क. रद्द समजावी. पदर आवरला आहे. पत्र तरीही पाठवतेय, कारण पाकिटाला तिकीट चिकटवून झालंय.

ता. क. ३ : लग्नाला जरूर या. नीलने मशीन पुन्हा ठरवलंय. तुम्हाला काय हवं ते रॉड्नीला नीट नाव घेऊन सांगा, नावं वर लिहिलीच आहेत. मी तिथे मागे उभी नसेन. मी पाटावर असेन.