मार्शमॅलोवरचे पट्टे

१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. धाकटीचा खोकला गेला, ह्यांचं पोट वाढलं, आणि पत्राला उशीर झाला म्हणून तू फुगून बसली असशील तर आता राग सोड.

माझ्या कामाचं विचारलं होतंस. दुकानात हल्ली चॉकलेट पुडिंगची चलती आहे. साखरेचा पाक आणि जिलेटिन घोटून घोटून मार्शमॅलोचा पांढराशुभ्र फेस करायचा, तो पुडिंगच्या वाटीवर सोडायचा आणि हातातल्या गॅसच्या टॉर्चने वरून भाजायचा. ज्योत सारखी फिरती हवी. जरा थबकली की कोळसा! माझ्या वाट्या एकसारख्या बदामी निघायच्या. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण सांगते.

महिन्याभरापासून त्यांच्यावर पट्टे यायला लागले. एक काळा, एक बदामी, नागमोडी. मी त्या वाट्या मागे सरकवल्या, तर मालकीणबाईंनी नेमक्या त्याच उचलल्या.

"अगं, वाघच बसवलायस की! कसं जमवलंस?"

"जमलं असंच," म्हटलं.

आता गिऱ्हाइकं पट्टेवालंच मागतात. परवा मालकीणबाईंनी दुसऱ्या मुलीला माझ्याजवळ शिकायला उभं केलं. तिला काही केल्या येईना. कसं येणार? तिचा हात स्थिर आहे.

लिहून टाकलं एकदाचं. माझा उजवा हात थरथरतो, ताई.

बाबांचं कसं सुरू झालं, आठवतं ना? सुईत दोरा ओवता येईना, तर आपण त्यांना चष्म्यावरून चिडवायचो. मग घास तोंडापर्यंत जाईना. मग शब्द फुटेना. त्यांच्याआधी आत्या, तिच्याआधी आजोबा.

काल टॉर्च हातातून सरकला आणि भांडी घासणाऱ्या मावशींची बाही होरपळली. थोडक्यात निभावलं. त्या हसत म्हणाल्या, "आता मलाच भाजतेस का गं?" मीही हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. कप दोन्ही हातांनी धरते, तर विचारतात, थंडी वाजतेय का. डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय. म्हणाले, भावंडांपैकी कोणाला त्रास आहे का, ते विचारून या. मी फार घाबरलेय गं. धाकटीला उचलून घ्यायचीही भीती वाटते.

तुला विचारायचंय आणि विचारवत नाही. तुझी मागची सगळी पत्रं भाचीच्या अक्षरात आली. आईचं बोट कापलंय, असं तिने प्रत्येक वेळी खाली लिहिलं. कापलेलं बोट उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत दुखत नसतं, ताई.

या पत्राचं उत्तर तू स्वतःच्या हाताने लिही. दोनच ओळी लिही. कितीही वेडंवाकडं अक्षर आलं तरी मी लावेन.

तुझी, आणि बहुतेक तुझ्यासारखीच,
छोटी