नावापुरती जागा

प्रिय मेघाताई,

जयभीम. कुरिअरचं पाकीट पाहून घाबरू नको. बसून, पाणी पिऊन, सावकाश वाच. तुझ्या फोनात जागा नाही असं तूच म्हणाली होतीस, म्हणून जे सांगायचं आहे ते कागदावर लिहितो. कागदाला काही डाउनलोड करावं लागत नाही. घडी घालून उशीखाली ठेवला तरी चालतो.

हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं करतो आहे. कच्च्यात 'आशीर्वाद' चुकला होता. तू मला शिकवलेलं आठवतं, की आशीर्वादातला शी मोठ्या माणसाच्या हातासारखा लांब असतो. मी दहावीला अडकलो तो अडकलोच, पण तुझ्या लाल पेनाची भीती अजून गेली नाही. दुकानात ग्राहकाच्या पावतीवर 'दुरुस्ती' लिहितानासुद्धा मी क्षणभर थांबतो. हरेशशेठ म्हणतात, "अरे भाई, मोबाइल का दुकान है, परीक्षा नहीं." जरीपटक्यात त्यांच्या दुकानावर मला आता पाचवं वर्ष लागलं, तरी त्यांची ही एक तक्रार संपत नाही.

तू मागच्या दिवाळीत त्याच दुकानातून फोन घेतलास. तुझ्या ऑफिसात सगळ्यांकडे तोच होता आणि तुलाही तोच हवा होता. मी काउंटरच्या आतून हळूच म्हटलं होतं, ताई, सर्वांत कमी जागेचा घेऊ नको, याचा कॅमेरा भारी आहे, एकेक व्हिडिओ केवढा मोठा होतो. तू हसून म्हणालीस, "मला काय त्यात गोडाऊन टाकायचंय का?" मग तुझा जुना फोन आईला दिलास. आईने तो साडीच्या पदराने पुसला आणि ठेवला कुठे, तर शोकेसमध्ये, स्टीलच्या नव्या पेल्यांशेजारी. आठवतं ना?

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. चूक फोन बनवणाऱ्यांची आहे, असं माझं मत आहे, आणि यावरून शेठशी माझं रोज वाजतं. एवढा महागाचा फोन. दार हवेलीचं आणि आत खोली एक. कॅमेरा दर वर्षी मोठा करायचा, फोटो दर वर्षी जड करायचा, आणि ठेवायला द्यायची नावापुरती जागा. कार्ड घालायची खाच होती, तीही बुजवली. मग फोन भरला की म्हणायचं, आमच्याकडे वर ढगात जागा आहे, महिन्याचं भाडं भरा. शेठचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, दुप्पट जागा दिली तर लोक दुप्पट कचरा भरतील, गुड मॉर्निंगची फुलं कोणी पुसतं का? त्यात थोडं खरं आहे. पण ताई, मी रोज पाहतो. लोक काउंटरवर बसून फोन रिकामा करतात तेव्हा फुलं नाही पुसत. आधी स्वतःचे फोटो पुसतात. परवा कामठीकडचे रुपराव आले होते. मुलाने घेऊन दिलेला भारी फोन, पूर्ण भरलेला. मी विचारलं, काय काढू? नातीचे नाचतानाचे व्हिडिओ तसेच ठेवायला लावले आणि म्हणाले, "माह्ये काढ गा. मले मी रोज आरशात दिसतो." सगळ्यांत स्वस्त फोन घेणाऱ्याला जागा कमी मिळाली तर समजू शकतो. पण महाग फोन घेणाऱ्यालाही आपलं माणूस ठेवायचं की स्वतःला, असं निवडावं लागत असेल, तर तो महाग कशासाठी?

हे सगळं पाल्हाळ वाटेल. पण आपल्या घरातली गोष्ट याच जागेवरून सुरू झाली.

तुला पाचवा महिना लागला तेव्हापासून आई पाळणा रचत होती. विहारात बायका बारशाला म्हणतात तसा, पण दुसऱ्या कोणाचा नाही, स्वतःचा. भांडी घासता घासता ओळ जुळवायची आणि मला विचारायची, 'दार'ला 'फार' बसते काय गा? एक कडवं झालं की शोकेसमधून फोन काढायची, पदर सारखा करायची, भिंतीकडे पाहून गायची आणि तुला पाठवायची. पहिलं कडवं असं होतं: पहिल्या दिवशी उघडलं दार, आजीच्या पायाला नाही आधार, जो बाळा जो जो. तू हे वाचून नवीन ऐकल्यासारखी थांबली असशील. थांबच. कारण तू ते ऐकलंच नाहीस, हे मला आता कळलं आहे.

ते पाठवलं त्याच दिवशी तू ऑफिसच्या घाईत आईला म्हणालीस, "आई, माझ्या फोनात जागा नाही, आता काही पाठवू नको." तू सहज बोललीस. आईनेही ते सहजच घेतलं, राग नाही, काही नाही. पण तिने त्याचा अर्थ तिच्या पद्धतीने लावला. तुला आपल्या गल्लीचं माहीतच आहे. इंदुताईकडे डब्यात पुरणपोळी पाठवली की आई दुसऱ्या दिवशी डबा घेऊन येणार म्हणजे येणारच. दुसऱ्याच्या ओट्यावर आपलं भांडं अडवून ठेवू नये, त्यांच्या घरात जागा कुठे आहे, हे तिचं ठरलेलं वाक्य. फोनाचंही तिने तेच केलं. इंदुताईच्या मुलीकडून शिकून घेतलं, की पाठवलेलं दोन्हीकडून कसं पुसायचं. मग एकेक कडवं रचून झालं की पाठवायचं, त्याखाली दोन निळ्या रेघा आल्या, की मेघाने खाल्लं, आता भांडं परत आणायचं, म्हणून पुसून टाकायचं. आपल्या फोनातूनही काढायचं, कारण तिच्या समजुतीप्रमाणे तिकडचा आणि इकडचा फोन आतून एकच माठ आहे. इकडे कमी केलं की तिकडे पातळी उतरते.

ताई, निळ्या रेघा नुसतं चॅट उघडलं तरी येतात. जागा नसल्यामुळे तुझ्याकडे तो व्हिडिओ उतरलाच नसेल. धूसर चौकोन दिसला असेल, आणि संध्याकाळी तोही गेलेला.

हे मला कुठून कळलं असतं? मागच्या रविवारी अंकित भाऊजींचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलले, प्रताप नगरच्या त्यांच्या मामांची तब्येत वगैरे. मग हळूच विचारलं, "आई रागावल्या आहेत का?" म्हणाले, तू रोज रात्री फोन उघडतेस आणि एकाखाली एक 'हा संदेश हटवला आहे' एवढंच पाहत बसतेस. तुला वाटतं, बाळंतपण माहेरी न करता पुण्यात करायचं तू ठरवलंस म्हणून आई रागावली आहे. काहीतरी कडू लिहिते आणि पाठवून झाल्यावर पुसते. म्हणून तूही फोन करेनाशी झालीस. तू म्हणे त्यांना म्हणालीस की आईने एकदा बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

मी फोन ठेवला आणि आईलाच विचारलं, तेव्हा भांड्याचं हे सगळं कळलं. आईला पुण्याचा राग नाही ताई. तिने तर विहारात सगळ्यांना सांगितलं आहे, की माझ्या मेघाचा दवाखाना लिफ्टवाला आहे.

त्याच दुपारी मी आईला समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निळी रेघ म्हणजे काय, धूसर चौकोन म्हणजे काय, सगळं सांगितलं. तिचा हात ताटात तसाच राहिला. मग म्हणाली, "म्हंजे तिनं एकबी नाही ऐकला?" मी नाही म्हटलं. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "राहू दे. तिले काम राहते." मी म्हटलं, मग आता फोन लाव, मी लावून देतो. तर म्हणाली, "आधी तिच्याकडं जागा होऊ दे." मी पुष्कळ म्हटलं, फोनवर बोलायला जागा लागत नाही. तिने ऐकलं नाही. त्याचं खरं कारण खाली लिहितो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी दुकानातून हा छोटा पेनड्राइव्ह आणला, जो पाकिटात आहे. तुझ्या फोनाला खाली जिथे चार्जर लागतो, तिथेच हा लागतो. तुझे जुने फोटो, ऑफिसचं सामान, सगळं यात हलव, फोन मोकळा होईल. काही पुसू नको. कसं करायचं ते मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आहे, भाऊजींना दाखव.

आईने विचारलं, हे काय? मी म्हटलं, ताईला जागा पाठवतो आहे. तिने तो तळहातावर घेतला, पालथा केला, उलथा केला. "यात हाये काय?" मी म्हटलं, काही नाही, रिकामा आहे. ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जसा मी कोणाच्या घरी उष्टा डबा परत नेतो आहे.

"रिकामं भांडं कोणी पाठवते काय गा? तुले एवढं मोठं केलं मी, अन् हे नाही शिकवलं?"

आणि हात पुसून, पदर सारखा करून ती भिंतीकडे पाहत उभी राहिली. मी घाईघाईने माझ्या फोनावर ते टिपलं आणि त्यात टाकलं. फक्त बारावं कडवं आहे. बाकीची अकरा कुठेच नाहीत, फक्त तिच्याकडे आहेत. बाराव्या दिवशी ठेवलं नाव, अशी सुरुवात आहे. पुढे जिथे नाव यायचं, तिथे ती थांबते, नुसतं हं हं करते आणि पुढे जाते. मी विचारलं, इथे काहीतरी घाल ना, पिंटू, छकुली. तर म्हणाली, ती जागा मेघाची आहे.

मध्ये एकदा ती पाणी प्यायला थांबते, तेही मी कापलं नाही. आणि आवाज ऐकून तू दचकशील. मला तिने बजावलं आहे, की मेघाने विचारलं तर सांग, सक्करदऱ्याच्या लग्नात गाणी म्हणून घसा बसला. ते लग्न झालं, हे खरं आहे. ती त्यात गायली नाही. दोन महिन्यांपासून विहारातही इंदुताईच आधी सुरुवात करतात आणि आई मागून ओठ हलवते. भाजीवाल्याला हाक मारायची तर मला पाठवते. एवढ्या उन्हात गळ्याभोवती पदर गुंडाळून असते. मला वाटलं होतं, तिला सवयच लागली.

ताई, तिच्या गळ्यात गाठ आहे. थायरॉइडची. डॉक्टरांनी सुई घालून तपासली, ती वाईट नाही, हा शब्द मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला आहे. पण वाढते आहे, म्हणून येत्या गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. आवाजाची नस गाठीला लागूनच जाते, असं ते म्हणाले. बहुतेकांचा आवाज परत येतो, काहींचा पहिल्यासारखा येत नाही. हे ऐकून आईने डॉक्टरांना एकच विचारलं, की बोलता तर येईल ना? गाण्याचं काही विचारलं नाही. तुला सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. पोटुशी पोरीले घोर लावू नये, म्हणाली. आणि फोन ती याच्यासाठीच करत नाही, की मेघाले आवाजावरून सारं समजते. मी चार दिवस विचार केला. तुला घोर लागेल हे मला समजतं. पण बाळाला बारा कडवी रचून ठेवलेली आजी गुरुवारनंतर ती म्हणू शकली नाही, आणि तू तोपर्यंत तिला रागावलेलीच समजत राहिलीस, तर मी तुला काय तोंड दाखवू? म्हणून हे पत्र. प्रवास करू नको, तुझा आठवा आहे. फक्त बुधवारपर्यंत आईला फोन कर. ऑपरेशनचं विचारू नको, आवाजाचंही विचारू नको. पाळणा पहिल्यापासून म्हणायला लाव आणि तुझ्याकडे टिपून घे, आता जागा झाली असेल. आवाज फाटला तरी थांबवू नको. आणि बाराव्या कडव्यात ती थांबली, की मुलगी झाली तर आणि मुलगा झाला तर, तुम्ही जे काही ठरवलं असेल, ते तेवढ्या जागेत म्हण. आपल्या घरात भांडं रिकामं परत करत नाहीत.

तुझ्या लाल पेनाची वाट पाहणारा,
तुझाच
संघपाल