मोटेची चरबी

सोमवार, २१ फेब्रुवारी १९३८

मागच्या सोमवारी लिहिलं ते चूक आहे. ‘कडूबानं सडकं चामडं दिलं म्हणून मोट फाटली’ — नाही! चामडं चांगलं होतं. मोट माझ्यामुळे फाटली. काकासाहेबांनी मला घरीच लिहायला शिकवलं, या घरातल्या पोरींत पहिलं मलाच. ते म्हणत, चुकलं तर खरवडायचं नाही, रेघ मारून खाली बरोबर लिहायचं. तेच करते आहे.

कळलं असं. आज गोठ्यात फाटक्या मोटेचा तुकडा हाताला लागला. वाळक्या पापडासारखा कडक. वाकवला तर मोडला. आणि वास जवसाच्या तेलाचा.

मोट विहिरीवर चढवण्याआधी, कार्तिकात, कडूबा दरवर्षी बोकडाची चरबी कढवून, गाळून, मडकं भरून आणतो. मोट त्यानंच शिवलेली असते. चरबी कोमट करून सात दिवस चोळायची, म्हणजे चामडं नरम राहतं. उरली तर गाडीच्या आसाला, आईच्या टाचांच्या भेगांना. या खेपेला आई माहेरी होती, तापवायचं काम माझ्याकडे. आणि माझं कार्तिकस्नान चाललेलं! चुलीवर चरबी कशी चढवू? मडकं उकिरड्यात पुरलं आणि आमच्या सालगड्याला, पुंजारामला, जवसाचं तेल तापवून दिलं. चोळता चोळता तो म्हणाला, “औंदा मोट बी सोवळ्यात बसली म्हना की!” मीही हसले.

जवसाचं तेल वाळलं की कडक होतं. दाराच्या चौकटींना आपण तेच लावतो. मला ठाऊक होतं!

मंगळवार, २२ फेब्रुवारी

त्या दिवशी पाण्यानं भरलेली मोट विहिरीतून वर येतानाच फाटली होती. ओढ एकदम सुटली आणि बैल उतारावरून खाली धडपडले. त्यांतला कपिल्या गुडघ्यांवर आला, अजून लंगडतो. आबांनी कडूबाला अंगणाबाहेर उभं केलं. “सडकं चामडं घातलंस माझ्या गळ्यात! यंदा खळ्यावर यायचं न्हाई. तुझ्या वाट्याची जवारी बंद.”

“मालक, चामडं बराबर व्हतं,” कडूबा म्हणाला. एवढंच.

मी उंबऱ्यात उभी होते. मनात म्हटलं, कसा खोटं बोलतो!

ती जवारी म्हणजे त्याच्या वर्षभराच्या कामाचं पोट. घरात बायको सोनूबाई आणि दोन पोरी.

गुरुवार, २४ फेब्रुवारी

आबांपुढे दोनदा गेले. दोनदा पाणी देऊन परत आले.

रविवार, २७ फेब्रुवारी

आईला सांगितलं. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले.

“कुणाला बोललीस?”

“नाही.”

“मंग बोलूबी नको. अंबडचे पाहुणे यायचेत तुला बघायला. पोर लिहिते म्हणून आधीच नाकं मुरडतात. त्यात हे कळलं तर?” मग हळूच म्हणाली, “सोनूबाईला मी मागच्या दारानं पायलीभर जवारी घालते.”

आई वाईट नाही. पण मागच्या दारानं दिलेल्या जवारीनं ‘सडकं चामडं’ पुसलं जाईल का? गावातल्या आणखी दोन घरांनी कडूबाला सांगून टाकलंय, आमची मोट तू शिवू नको.

बुधवार, २ मार्च

पुंजाराम सांगत होता, कडूबा घरदार घेऊन जालन्याला चाललाय. कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसमध्ये. तिथं यंत्रांच्या चाकांना, पट्ट्यांना चरबीचे डबेच्या डबे लागतात, कढवणारा माणूस पाहिजे. “दिसभर भट्टीपुढं, आक्का. हितं मोटा शिवनारा कारागीर व्हता, तिथं नुस्ता चरबीवाला.” मग म्हणाला, “आक्का, ते तेल...” आणि कपिल्याचा गुडघा शेकायला वळला.

त्यालाही कळलंय. चोळणारा हात त्याचा, म्हणून गप्प. माझ्यामुळे किती जण गप्प बसणार?

शनिवार, ५ मार्च

सोनूबाईला ओढ्यावर गाठलं. एका दमात सगळं सांगितलं — कार्तिक, उकिरडा, तेल. रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडले.

तिला नवल वाटलं नाही! “ठावं हाय, आक्का. फाटली त्याच दिशी त्यांनी तुकडा नाकाला लावल्ता. घरी येऊन म्हनले, हे जवस हाय. माजी चरबी लागलीच न्हाई.”

“मग आबांना का नाही सांगितलं?”

“तुमची सोयरीक जुळून राह्यली ना. म्हनले, पोरीचं नाव निघंल, ऱ्हाऊ दे.” घागर बुडवता बुडवता म्हणाली, “आमच्याबी दोन हायत की.”

मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

रविवार, ६ मार्च

आबा जेवताना म्हणाले, शुक्रवारी खळ्यावर माप आहे, अंबडचे पाहुणेही त्याच दिवशी येतील, थेट तिथंच. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पान उचललं.

येऊ देत. सगळं गाव असेल, आबा असतील, ते असतील. कडूबाला बोलवायला मीच जाणार.

शुक्रवारी, ११ मार्चला, जवारीचं पहिलं माप पडायच्या आधी सगळ्यांपुढे सांगणार.