नऊचं घर रिकामं आहे

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. आईचा गुडघा तिच्यासारखाच हट्टी आहे, पण ती जिना चढते आणि वर पोहोचल्यावर मलाच धाप लागली म्हणून हसते.

माझ्या कामाचं सांगते. दवाखान्यात पलंगाशेजारी औषध सोडणारा पंप असतो ना, त्याच्या पडद्यावरची अक्षरं मी करते आहे. पडदा काड्यापेटीएवढा. एका अक्षराला उभे दहा ठिपके, आडवे सात. त्यातच काना, मात्रा, उकार बसवायचे. तू म्हणाली होतीस, "हे कसलं अक्षरकाम, हे तर लादीकाम." तेव्हा मी चिडले होते. आता लादीवालीचं ऐक. 'ध' आणि 'घ' लांबूनही वेगळे दिसतात, उकार खालच्या ओळीला चिकटत नाही. फुशारकी वाटली तर वाटू दे, जमलंय.

फक्त नऊ अडला आहे. काल सिस्टरना दारातून वाचायला सांगितलं, तर ९ ला त्या सरळ एक म्हणाल्या. चाचणी होती म्हणून निभावलं. खरा पेशंट असता तर एक समजून नऊपट औषध गेलं असतं. महिनाअखेर ही अक्षरं पंपात जातील, मग बदल नाही.

तुझ्या पाट्यांवरचा नऊ रस्त्यापलीकडून ओळखू यायचा. हा नऊ तू कर.

दुकान बंद का, असं विचारलं तर फोनवर म्हणालीस, "रंगकाम चालू आहे." पाट्या रंगवणारीचं दुकान तीन महिने रंगतंय, आणि मी ऐकून घेतलं. भावोजींनी सांगितलंय गं. हात थरथरतो, ब्रश धरला की जास्तच. मला फार वाईट वाटलं, आणि लपवलंस म्हणून रागही आला. आईला काही बोललेले नाही.

पण इथे रेघ ओढायचीच नाही. एका ठिपक्याचा एक चौकोन, तो भरायचा, नाहीतर सोडायचा. हात हलून शाई बाहेर गेली तरी मी तो भरलेला चौकोनच धरणार. मला तुझी नजर हवी आहे, आणि ती काही थरथरत नाही.

सोबत चौकटींचा कागद आहे. शून्य ते आठ मी भरलेत. पुढच्या रविवारी तो घ्यायला येते, पण घरी नाही, दुकानात. शटर वर असू दे.

तुझीच,
लादीवाली