‘हे’ म्हणजे नक्की कोण?

मंगळवार, ४ जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी ओटा पुसला, भांडी पालथी घातली, चादरी वाळत टाकल्या आणि चमचे खणात ठेवायला गेले, तर सहाचे पाच! केर चाळला, मोरी पाहिली, मनातल्या मनात शेजारणीवर संशय घेऊन झाला. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. छोटे, चमचे हरवत नाहीत, पळून जातात! काटे बघ कधी जात नाहीत. चमच्याला मात्र घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी लागावं लागतं. किती दिवस सहन करील बिचारा?

तेव्हापासून मला चैन नाही. वाचनालयात झाडांवर पुस्तकं आहेत, मुंग्यांवर आहेत, पण घरातल्या वस्तूंच्या मनात काय चालतं यावर एकही नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवर वाचून शिकलेलं. म्हटलं, आपणच लिहावं. तर ऐक. सुई ही जगातली एकच वस्तू, जी आपल्याला शोधून काढते, तीही नेमकी तळपायाला. छत्री कुणाचीच नसते, ती पुढच्या घरी जायला फक्त पाऊस थांबायची वाट बघते. डब्यांची आणि झाकणांची तर लग्नं लागलेली असतात. परक्याचं झाकण दाबून बसवलंस की दिवसभर कुरकुर.

हे मात्र रुसलेत. शनिवारपासून एक शब्द नाही. काल पाठीत दोन धपाटे घातले तेव्हा कुठे घसा खाकरला, हवामान सांगितलं आणि पुन्हा गप्प. आता उन्हात बसवून ठेवलंय यांना.

लोभ झाकण लावून ठेवू नकोस, उघडाच असू दे.
तुझी ताई

शुक्रवार, ७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डात उभ्याउभ्या वाचलं. चमच्यांना हसले, छत्रीला तर इतकी हसले की मोठ्या सिस्टरबाईंनी डोळे वटारले. मग पुढचं वाचलं आणि बाकावर बसून तेवढंच पुन्हा वाचलं. ताई, भावजींना जाऊन दोन वर्षं झाली गं. तू कुणाच्या पाठीत धपाटे घालतेस? कुणाला उन्हात बसवलंस? एकोणीस वर्षं नर्स आहे मी, असं बोलणारी माणसं पाहिली आहेत.

रागावू नकोस, पण मी ते पत्र फोनवर तुझ्या चिरंजीवांना वाचून दाखवलं. तो म्हणाला की बस झालं, आता आई एकटी राहणार नाही. रविवारी, सोळा तारखेला, तो खोकी घेऊन येतोय. तिथल्या घराला कुलूप लावायचं म्हणतो. त्याच्याकडे तुझी खोलीही तयार झाली आहे. तोवर वेळेवर जेव, आणि कृपा करून कुणालाही मारू नकोस.

माझ्या लोभाची काळजी करू नकोस, स्वतःची कर.
तुझी छोटी

सोमवार, १० जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद, तूर्तास हात आखडूनच. वि. वि.

अगं शहाणे, ‘हे’ म्हणजे रेडिओ! बॅटरीच्या खोबणीत ओल गेली होती म्हणून उन्हात ठेवला. साप साप म्हणून भुई धोपटलीस, आणि धोपटलीस ती माझी.

आता विचारशील, रेडिओला ‘हे’ कशाला? अडतीस वर्षं मी एका माणसाला अहो म्हटलं. ते गेल्यावर कपडे वाटून टाकले, चष्मा तुझ्या दवाखान्यात दिला. पण हा शब्द कुणाला द्यायचा? सकाळी चहा ठेवला की तो तोंडाशी येऊन उभा राहायचा. शेगडीला अहो म्हणून पाहिलं, ती भडकली. कपाटाला शोभेना. रेडिओला मात्र चपखल बसला. ऐकायचं कुणाचं नाही, बोलायला लागलं की थांबायचं नाही, आणि आपल्याला हवं असेल तेव्हा नेमकं गप्प!

मला वेड लागलेलं नाही. दुःख आहे, ते पाण्याच्या पिंपासारखं एका जागी आहे. त्याला वळसा घालून मी कामं करते. पण लेकाच्या घरी मला मीठ कुठे आहे ते विचारावं लागेल. विचारून मीठ घेणारी बाई पाहुणी असते, आणि मला पाहुणी व्हायचं नाही. आग तू लावलीस, रविवारच्या आत तूच विझव.

लोभ आहे, पण सध्या धुमसतोय.
तुझी ताई

बुधवार, १२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कान पकडले. त्याला सगळं समजावलं. तो म्हणतो की रेडिओला अहो म्हणणं ही तर जास्तच काळजीची गोष्ट आहे. त्यातून मी आधी त्याला तुझं डोकं ठिकाणावर आहे का ते तपासायचे प्रश्न लिहून दिले होते. कागद परत मागितला तर देत नाही. आता तुझं तूच बघ. फक्त भांडू नकोस, खरं ते सांग.

थर्मामीटर मुद्दाम पडून फुटतात, असं माझं मत झालंय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काखेत राहून बघ म्हणजे कळेल!

मारलंस तरी चालेल, लोभ तोडू नकोस.
तुझी छोटी

मंगळवार, १८ जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद, या खेपेला पोटभर. वि. वि.

जिंकले गं! रविवारी स्वारी आली ती सात खोकी आणि तुझा कागद घेऊन. पहिला प्रश्न, आज वार कोणता. मी सांगितलं की ज्या वारी मुलगा चहाही न पिता आईची परीक्षा घेतो, तो वार. त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून मी चमच्यांचं मत मांडलं, तर पठ्ठ्या पेटलाच! त्याचं म्हणणं की चमचे पळत नाहीत, खरकट्याबरोबर केरात जातात. खरा लबाड टीव्हीचा रिमोट, घरभर शोधणाऱ्याच्याच बुडाखाली निघतो. मी पुरावा मागितला. खोक्यावर बसून तो हातवारे करत राहिला. खोकं खचलं, हा खाली बसला, तरी बोलणं थांबेना. त्याला असं हसताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग त्यानं खचलेलं खोकं जवळ ओढलं. म्हणाला की तो मला माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी नेतोय. मी फोन उचलेपर्यंत तिकडे त्याचा जीव टांगणीला लागतो. मी खरं ते सांगितलं. भीती मलाही वाटते, काही सकाळी फार वाटते. पण ओळखीच्या घरात वाटलेली भीती पचते, परक्या खोलीतली पचणार नाही. बराच वेळ तो खोक्याची कड सोलत बसला. शेवटी म्हणाला की राहा. पण दोन अटी. रोज सकाळी मीच त्याला फोन करायचा. आणि दारावरची पाटी नवी करायची, तिच्यावर माझंही नाव हवं. जुनं नाव उन्हानं इतकं उडालंय की नवा टपालवाला माझी पत्रं शेजारणीकडे टाकतो. ती आणून देते म्हणा, पण आधी वाचत असणार!

खोकी त्यानं परत नेली, खचलेलं सोडून. तू आता रजा काढ आणि ये. लोभ टपालानं किती दिवस पाठवणार?
तुझी ताई

ता. क. दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, पाटी घेऊन मी रंगाऱ्याकडे गेले. खाली माझं नाव घालायला सांगितलं. वरचं वाचता येत नाही, तिथे काय लिहू, असं त्यानं विचारलं. लग्न झाल्यापासून जे मी कधी उच्चारलं नव्हतं, ते नाव मी सांगितलं. त्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.