तुमच्याच चपला घालून गेले

आई, ही चिठ्ठी घेऊन जरा बसा, एक गोष्ट सांगते. पूर्वरंग लांबवत नाही.

एक बाळंतीण होती. सासूचा तिच्यावर भारी जीव. वारा लागू नये म्हणून खिडक्यांच्या फटींत चिंध्यांचे बोळे कोंबले, आणि सून बाहेर पडू नये म्हणून तिच्या चपला माळ्यावर टाकल्या. पुढे बाळंतिणीच्या छातीत गाठ झाली, अंग तव्यासारखं तापलं. ती म्हणाली, "दवाखान्यात जाऊ या." सासू म्हणाली, "दूध साठलंय गं, होईल मोकळं. देव आहे ना!"

देव आहेच हो, पण घराला दार ठेवायची बुद्धीही त्यानंच दिली! आज दुपारी तिला हुडहुडी भरली. सासूचा डोळा लागलेला. तिनं बाळाला उचललं, सासूच्या चपलांत पाय घातले आणि दवाखान्यात निघाली.

ती मीच. शेजारची शिंपीणबाई सोबत आहे, बाळ तिच्याकडे दिलंय. काळजी नको.

याच खोलीत ताप अंगावर काढता काढता तुमची थोरली सून गेली. माझ्यावर रागवा हवं तर, पण आधी एकदा तिला आठवा.