कुणी बघितलं तिला

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सव्वानऊला. मुलगी. नऊ महिने भरलेले. रडली नाही.

सुनेला, पुनमला, बाळंतिणींच्याच वॉर्डात ठेवलंय. दोन्ही बाजूंना रडणारी लेकरं! डॉक्टरला म्हटलं, हिची खाट हलवा. म्हणे जागा नाही. आणि वर, ‘वय लहान आहे, दुसरं होईल.’ मी विचारलं, तुमची आई गेल्यावर कुणी म्हणालं होतं का, दुसरी मिळेल म्हणून? तो पुढच्या खाटेकडे वळला. खाट मात्र हलली नाही.

अनुश्री म्हणून तिथली नर्स आहे, कोवळी पोर. पुनमला विचारते, “ताई, बघायचंय का तिला?” उत्तर मीच दिलं – नाही! एकतीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात सिस्टर होते मी. आमचा नियम होता – झाकायचं, न्यायचं, आईच्या नजरेला पडू द्यायचं नाही. माया लागते. तर ही पुन्हा विचारायला लागली. एकदा सांगितलेलं कळत नाही का, म्हटलं, आणि खाली ऑफिसात सह्या करायला गेले. अर्धा तास गेला तिथं. बाळाच्या नावाच्या रकान्यात कारकुनाने आडवी रेघ मारली.

९ फेब्रुवारी

काल दुपारीच माझा विजू आणि त्याचा चुलता तिला शेतात घेऊन गेले. बायकांनी जायचं नसतं. विजू म्हणाला, ‘तोंडावरचं फडकं काढायची हिंमत झाली नाही, आई.’

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल पुनमला कुरुंद्याला घरी आणलं. गावभर हळद शिजतेय, तो वास नको म्हणून तिने खिडकी लावून घेतली.

आज गावातली आशा कार्यकर्ती आली – राणी. खांद्याला झोळीचा वजनकाटा, तोंडावर हसू. “सिस्टरबाई, कुठाय आमची ठकी? वजन करू.” दवाखान्यातून आलेल्या यादीत ‘प्रसूती झाली’ एवढंच होतं. पुढचं कुणी लिहिलंच नाही! मी म्हटलं, काटा तेवढा आणलास, डोकं घरी ठेवलंस का? आणखीही बरंच बोलले.

तिने ऐकून घेतलं. पण गेली नाही. काटा ओट्यावर ठेवला, आत जाऊन पुनमच्या शेजारी जमिनीवर बसली. “चुकलं माझं, ताई.” एवढंच. आणि मग हळूच – “दूध आलंय का? तकलीफ होऊन राहिली?”

पुनमचा ब्लाउज भिजलेला होता. सकाळपासून! एकतीस वर्षांच्या नोकरीवाल्या सासूला तो दिसला नाही, काटेवालीला दिसला. तिने गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, दवाखान्यात फोन लावून डॉक्टरांकडून गोळी विचारून घेतली, संध्याकाळी स्वतः आणून दिली.

मी तिला पाणीही विचारलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

मी तांदूळ निवडत होते. पुनम तीन दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली.

“आई, केस होते का तिला?”

“मी बघितलं नाही,” म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे वळली.

खोटं बोलले. नर्सने बाळाला टेबलावर ठेवलं होतं तेव्हा दुपट्याचं टोक मी उचललं होतं. सुनेला बघू दिलं नाही आणि स्वतः बघितलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत नन एका खोट्याबद्दल शंभर ओळी लिहायला लावायच्या. तेवढ्यावर भागत होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

राणी परत आली, काट्याशिवाय. दारातच म्हटलं, इथं वजन करायला कुणी नाही गं. म्हणाली, “म्हाईत हाय. बाळंतिणीच्या घरी सहा येळा यायचं असतं, सिस्टरबाई. लेकरू गेलं म्हणून बाळंतीण थोडीच गेली?”

आत घेतलं आणि आज पाणी विचारलं.

जाताना विजूला ओट्यावर बसवून विचारलं, दादा, तुमी जेवता का बराबर? सात दिवसांत त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. तो उठून गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही.

१८ फेब्रुवारी

शेजारच्या पारुबाई म्हणाल्या, ‘मुलगीच होती, त्यातल्या त्यात बरं.’ चहा उकळत होता. गॅस बंद केला आणि त्यांना दार दाखवलं.

२० फेब्रुवारी

माझ्या वॉर्डातली, सिद्धेश्वर धरणाकडची एक बाई आठवते, तिचंही लेकरू असंच गेलेलं. मासे धरणाऱ्यांच्या घरातली. सुट्टी मिळाली तेव्हा पिशवी उचलता उचलता तिने विचारलं होतं, ‘रंग कसा होता, बाई?’ मी म्हटलं, विसर आता. ती मान डोलवून गेली. तिला मी समजूतदार म्हटलं होतं!

विसरली असेल का? मीच विसरले नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चौदावा दिवस. राणी आली, बसली, निघाली. अंगणात चप्पल घालताना म्हणाली, “ताई एकच म्हणून राहिल्या, घरात तिला कुणीच बघितलं न्हाई. खरंच कुणी न्हाई?” मी केरसुणी उचलून अंगण झाडायला घेतलं. चप्पल घालून गेली.

दुपारी पुनमपाशी जाऊन बसले. म्हटलं, मी बघितलं होतं. तेरा तारखेला खोटं बोलले. केस होते – दाट, ओले, कपाळाला चिकटलेले. कानाची पाळी तुझ्यासारखी. ओठ गच्च मिटलेले, माझ्यासारखे, कुणावर तरी रागावल्यासारखे. दुपट्याचं टोक हातातून सोडवेना मला.

“आणि हनुवटी?”

“खळी होती. बारीक.”

पुनमने मान हलवली. मास्तरीण बरोबर उत्तराला हलवते तशी.

२३ फेब्रुवारी

पुनमने आज सांगितलं. मी खाली सह्या करायला गेले, तेव्हा त्या अनुश्रीने पडदा ओढला आणि लेक तिच्या कुशीत दिली. मी परत येईपर्यंत, अर्धा तास.

“मला सगळं म्हाईत होतं, आई. मला फक्त घरात अजून कुणीतरी तिला बघितलेलं पायजे होतं.”

नावही तिने तेव्हाच ठेवलंय. दवाखान्याच्या कागदावर रेघ आहे. इथं मी लिहिते – संपदा.